आवाजावर रिव्हर्स

भिवंडीतल्या निम्म्या गाड्यांचे आरसे मिटलेले असतात. बाहेरून आलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं, पण आमच्याकडे त्याला कारण आहे. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना कापडाच्या ताग्यांनी भरलेल्या हातगाड्या, समोरून रिक्षा. आरसा उघडा ठेवला की दिवसभरात कोणी ना कोणी तो उडवतोच. म्हणून लोक गल्लीत शिरताना आरसा मिटतात आणि बाहेर पडल्यावर उघडायला विसरतात. मग मागचं काही दिसत नाही. मागचं मागच्यांनी बघायचं आणि आपण हॉर्न वाजवत पुढे जायचं, असा एकूण सगळ्यांचा करार झालेला आहे.

याच गावात मी बरीच वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवते. अंजूरफाट्याजवळ एक गाळा, एक छोटी गाडी, तिला माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच, छपरावर पाटी. शिकायला येतात त्या जास्त करून बायका. माझ्याकडे शिकलेली बाई परवान्याच्या परीक्षेत सहसा नापास होत नाही, पण त्याचं मला फार कौतुक नाही. ती परीक्षा मोकळ्या ट्रॅकवर होते. तिथे उलट्या बाजूने अंगावर येणारा कंटेनर नसतो. मांडीवर गॅसची टाकी धरून डावीकडून घुसणारा दुचाकीवाला नसतो. कशेळीच्या पुलाअलीकडे तीन रांगांच्या सात रांगा होतात, तसं काही तिथे होत नाही. म्हणून परवाना हातात पडला की मी सांगते, आता आणखी पंधरा दिवस या, आता खरं शिकवते. निम्म्या येतात. बाकीच्या पेढे देऊन जातात.

मला गाड्यांच्या शर्यती आवडतात. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर शर्यत असली की आमच्या घरात दुसरं काही लागत नाही. नवरा म्हणतो, "दिवसभर गाडीत बसतेस, घरी येऊन गाडीच बघतेस. सोनार घरी येऊन सोनं बघत बसतो का?"

"बघत असेल," मी म्हणते. "तुम्ही कुठे सोनाराशी लग्न केलंत."

मला वेगाचं वेड नाही. मला तिथली शिस्त आवडते. शर्यतीच्या गाडीला हॉर्न नसतो. इतक्या वेगात इतक्या जवळून गाड्या जातात आणि कोणी कोणावर ओरडत नाही. ब्रेक कुठे लावायचा ते आधीच ठरलेलं असतं. वळणात शिरण्याआधी वेग कमी करायचा, वळणात नाही, ही एक गोष्ट मी टीव्ही लावून शिकाऊ बायकांना दाखवलेली आहे आणि तोंडी सांगून जे महिन्यात कळत नाही ते त्यांना तेवढ्यात कळलेलं आहे.

शिवाय मी स्वतःही शर्यतीत उतरते. नवऱ्याचं गाव राहनाळच्या बाजूचं. भावकीला बैलांच्या शर्यतीचा नाद पिढ्यानपिढ्यांचा. शेतं गेली, त्यावर गोदामं आली, भाडं येऊ लागलं, आणि भावकीतल्या तरुण पोरांनी बैलांबरोबर गाड्यांचीही शर्यत लावायला सुरुवात केली. जागेची अडचण नसते. भराव टाकून सपाट केलेला आणि गोदाम अजून न चढलेला एखादा तुकडा दर थंडीत कुठे ना कुठे सापडतोच. चुना फासलेले जुने टायर मांडून वळणं करतात. मोबाइलवर वेळ घेतात. माइकवर एक जण सकाळपासून बोलत असतो. एका वेळी एकच गाडी सोडायची, हेल्मेट आणि पट्टा सगळ्यांना, ही अट मी घातली. नाहीतर मी येत नाही म्हणाले, आणि मी आले नाही तर बायकांचा गटच होत नाही.

बायकांच्या गटात शेवटी एक जादा काम असतं. चार पिंपं उभी करून चौकोन केलेला असतो, त्यात गाडी मागे घेऊन बरोबर मध्ये थांबवायची. पुरुषांना हे नाही. सुरुवातीला ते थट्टेसाठीच ठेवलं होतं. आता मैदानातली सगळ्यात जास्त गर्दी त्या चौकोनाभोवती असते. बक्षीस पुरुषांना ढाल आणि बायकांना कुकर. मी दोनदा सांगून पाहिलं, की मलाही ढाल चालेल. पण कुकर आधीच आणलेला असतो. माझ्याकडचे कुकर मी लग्नांत देऊन टाकते.

त्या वर्षी दिवाळी होऊन चार-सहा दिवस झाले होते. दुपारी गाळ्यात एक मुलगी आली. पंचविशीची असेल. पायांत गोदामात घालायचे जाड बूट, केसांत कार्डबोर्डचा भुसा. तिने परवाना टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "लायसन हाय. गाडी येत न्हाय."

इतकं सरळ मला आजवर कोणी सांगितलेलं नव्हतं. मी तिला बसायला सांगितलं.

ती डोंगराकडच्या एका पाड्यावरची. राहनाळच्या एका गोदामात पार्सलं बांधायच्या कामावर होती. त्या गोदामाने जवळपासच्या दुकानांना माल पोचवायला छोटे टेम्पो घेतले होते आणि बायकांनाही ड्रायव्हर म्हणून घेणार असं जाहीर केलं होतं. हिने कुठल्याशा स्कूलमधून आठ-दहा दिवसांत परवाना काढला आणि नाव दिलं. सुपरवायझरने ट्रायल घेतली.

"रोडवर काय झालं?" मी विचारलं.

"रोडवर काय न्हाय झालं. कशेळीपर्यंत कुनी गाडी चालवलीच न्हाय. नुस्तं थांबलो."

"मग?"

"मंग डॉक."

डॉक म्हणजे गोदामाचा माल चढवायचा-उतरवायचा ओटा. टेम्पोची पाठ त्याला लावायची असते. आमच्या भागात ही पाठ लावायची एक ठरलेली पद्धत आहे. ड्रायव्हर मागे बघत नाही. मागे एक माणूस उभा असतो, तो ओरडतो, आने दे, आने दे, आणि गाडीच्या अंगावर थाप मारतो. एक थाप म्हणजे येत राहा, दोन थापा म्हणजे थांब. लहान टेम्पोपासून चाळीस फुटी कंटेनरपर्यंत सगळा भिवंडीचा माल असा आवाजावर मागे जातो. या गोदामात हे काम एक वयस्क लोडर करत असे. त्याला सगळे चाचा म्हणत. उत्तरेकडून तरुणपणी लूमवर आलेला, लूम सुटल्यावर गोदामात लागलेला.

ट्रायलच्या दिवशी चाचाने आने दे म्हटलं, ही येत गेली. त्याने थाप मारली, ही येत गेली. आणि टेम्पोचं मागचं दार ओट्याच्या कडेवर आपटून आत वाकलं. शेजारच्या डॉकवर त्याच वेळी दुसरा टेम्पो मागे येत होता. चाचाचा आवाज त्याच्यासाठी होता. थापही त्याच्याच गाडीवर पडत होती.

"तुझ्या गाडीच्या मागे कोणी नव्हतंच?"

"न्हाय. मला वाटलं माझ्यामागंच हाय."

"आरशात बघितलं नाहीस?"

"डाव्या बाजूचा मिटलेला व्हता."

"आणि उजव्या?"

ती मग म्हणाली, "त्यात मी दिसत व्हते."

सुपरवायझरने तिला महिन्याअखेर आणखी एक संधी दिली होती. तेव्हा जमलं नाही तर पुन्हा विचारायचं नाही, असंही सांगितलं होतं. इतरांसाठी ही साधी गोष्ट असेल. हिच्यासाठी नव्हती. दिवाळीचा माल संपत आला की बांधणीच्या मुली कमी करतात. तिचं काम महिन्याअखेरपर्यंतच होतं. ड्रायव्हर मात्र बारा महिने लागतात. टेम्पो मिळाला नाही तर तिला आईबापांबरोबर वीटभट्टीवर जावं लागणार होतं, आणि एकदा भट्टीवर बसलं की पाऊस येईपर्यंत तिथून हलता येत नाही. हे तिने रडून सांगितलं नाही. बस कधी सुटते ते सांगावं तसं सांगितलं.

मी तिला घेतलं. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "त्या गोदामाची जागा आपल्या चुलत्यांची हाय. मी एक शब्द टाकू का सुपरवायझरकडं?"

"नको."

"अगं, नुस्ता शब्द."

"शब्दाने नोकरी मिळेल. रिव्हर्स कोण घेणार, शब्द?"

तो म्हणाला, "तू बाई लोकांचं भलं पन अवघड करून करतेस." मग जेवायला बसला.

माझ्या गाडीवर तिला शिकवून उपयोग नव्हता. छोट्या गाडीला मागची काच असते, टेम्पोला मागे पत्र्याची भिंत. मी शेजारच्या पाण्याच्या जारवाल्याकडून त्याचा टेम्पो मागून घेतला. त्याच्या बायकोला मी गाडी शिकवली होती आणि तिने ती आजवर कुठे आपटलेली नव्हती, तेवढ्या भरवशावर त्याने दिला. दुपारी दोन ते चार त्याला टेम्पो लागत नसे, आणि तिची सकाळची शिफ्ट तोवर सुटलेली असे. तेव्हा आम्ही खाडीकडच्या एका बंद गोदामाच्या आवारात जायचो.

पहिल्या दिवशी तिला भिंतीकडे टेम्पो मागे घ्यायला सांगितला आणि मी मागे उभी राहिले. "ये, ये," म्हणत राहिले. ती आली. भिंत जवळ आली तरी मी मुद्दाम ये म्हणत राहिले. ती येत राहिली. शेवटी मीच जोरात थांब म्हटलं आणि बाजूला झाले. टेम्पो आणि भिंत यांच्यामध्ये फार तर हातभर जागा उरली होती.

मी तिच्या खिडकीशी गेले. "भिंत कुठे आहे?"

"तुम्ही ये म्हनलं."

"मी भिंत नाही. भिंत कुठे आहे ते भिंतीला विचार."

"भिंत बोलंल का, मॅडम?"

"आरशात बोलते. बघितलंस तर."

ती हसली. मग तिने जे सांगितलं त्याने मला सगळा उलगडा झाला. भट्टीवर मुकादमाचा आवाज, गोदामात लाइनवाल्याचा आवाज. आवाज आला की हात चालवायचा. आवाजाला हात चालला नाही तर हजेरी जाते. विचार करत उभं राहिलेलं कोणाला चालत नाही. तिला आवाजावर वागायची सवय लहानपणापासून लावलेली होती आणि आता एकाच जागी, स्टिअरिंगमागे, ती मोडायची होती.

मग मी एकच नियम ठेवला. आवाज ऐक, पण पाय तुझा. शंका आली की ब्रेक, हँडब्रेक, खाली उतर, मागे जा, बघ, परत ये. कितीही वेळा. कोणी हसलं तरी. पहिल्या आठवड्यात ती इतक्या वेळा उतरली की जारवाल्याने टेम्पोच्या दाराचं हँडल सैल झाल्याची तक्रार केली. मी हँडल घट्ट करून दिलं. दुसऱ्या आठवड्यात आवारात रिकाम्या पेट्या मांडून डॉकची जागा तयार केली. ती नीट मागे येऊ लागली. पण आवारात शांतता होती. माझं तोंड बंद असलं की तिला जमत होतं. मी बोलले की पाय पुन्हा माझ्या आवाजाकडे जायचा.

म्हणून जारवाल्याचा टेम्पो एक दिवसासाठी मागून मी तिला शर्यतीला नेलं. गोंधळ पाहिजे होता, आणि आमच्या भावकीइतका गोंधळ दुसरीकडे मिळाला नसता.

पोरांनी आधी हरकत घेतली. "काकी, टेम्पो कुठं रेसमदे?"

"तुमच्या नियमात टेम्पो चालत नाही असं आहे का?"

"नियम कुठं हायेत आपल्याकडं."

"मग झालं."

त्या दिवशी बायकांच्या गटात आम्ही तिघी होतो. मी, भावकीतली एक सून, आणि ही. मी माझ्या दोन्ही फेऱ्या आधी मारून घेतल्या. चांगल्या गेल्या. मग हेल्मेट काढून टेम्पोत तिच्या डाव्या बाजूला बसले आणि हेल्मेट परत घातलं. अट अशी होती की मी एक शब्द बोलणार नाही. मला ते सोपं वाटलं होतं.

टेम्पो सुरुवातीच्या रेषेवर आला तेव्हा माइकवाल्याला दिवसभर पुरेल इतका मजकूर मिळाला. "आता येतोय पान्याचा टेम्पो. ज्यांना तान लागली हाय त्यांनी पुढं यावं. जार परत देनं आपली जबाबदारी हाय." लोक खदखदले. तिने गिअर टाकला. वळणं तिने हळू पण स्वच्छ घेतली, एकही टायर पाडला नाही. मग पिंपांच्या चौकोनाशी आली आणि मागे घ्यायला लागली.

बघणारे निम्मे लोक गोदामांतलेच. त्यांच्या तोंडून दुसरं काय निघणार? एका बाजूने आने दे सुरू झालं. दुसऱ्या बाजूने बस, बस. कोणी उजवीकडे काट म्हणत होता, कोणी डावीकडे. एकाने तर पळत येऊन टेम्पोला थापही मारली. ती गोंधळली. मला ब्रेक दिसत होता, तिचा पाय दिसत होता, आणि मी दातांवर दात ठेवून बसले होते. मागचं पिंप धडामकन पडलं.

माइकवाला म्हणाला, "पिंपाला पोहता येत न्हाय, सांभाळा."

प्रत्येकीला दोन फेऱ्या असतात. दुसऱ्या फेरीआधी तिने मला विचारलं, "उतरलं तर चालंल का?"

मी उत्तर दिलं नाही. अट होती.

दुसऱ्या फेरीत वळणं तशीच गेली. चौकोनाशी तिने टेम्पो सरळ केला, थोडा मागे घेतला, आणि आवाज पुन्हा सुरू झाले. तिने टेम्पो थांबवला. हँडब्रेक ओढला. दार उघडलं आणि खाली उतरली. घड्याळ चालू होतं. मैदानात असा हशा पिकला की माइकही ऐकू येईना. "बाई उतरल्या. पंक्चर काढतायत का?" ती मागे गेली, चारही पिंपं पाहिली, एका बाजूची जागा पावलाने मोजली, परत येऊन बसली आणि टेम्पो सरळ आत घेतला. दोन्ही बाजूंना सारखी जागा होती. लोक अजून हसत होते. ती हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. तिचं लक्ष आरशात होतं.

ती तिसरी आली, तिघींमध्ये. कुकर मला मिळाला. मला त्या दिवसाचं दुसरंच समाधान होतं, पण आपण जिंकलो हेही मला आवडलं, ते कशाला नाकारू.

महिन्याअखेर ट्रायल आली. जारवाल्याने त्या दिवशी टेम्पो सकाळपासूनच दिला होता, तो घेऊन आम्ही लवकर आवारात थोडा सराव केला आणि त्याच टेम्पोतून मी तिला गोदामाच्या गेटशी सोडलं. उतरताना ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही आत येऊ नका. मंग मी तुमच्याकडंच बगत बसन."

"नाही येत."

मी टेम्पो समोरच्या चहाच्या टपरीशी लावला आणि बाकावर बसले. तिथून गेटमधून डॉक दिसतात. सुपरवायझर तिला गोदामाच्या टेम्पोत घेऊन कशेळीकडे गेला. मी एक चहा घेतला. मग दुसरा घेतला. एरवी मी दुसरा घेत नाही. ते परत आले तेव्हा टेम्पोवर ओरखडा नव्हता, एवढं मी लांबूनच पाहिलं.

सुपरवायझर खाली उतरून डॉकच्या बाजूला उभा राहिला. शेजारच्या डॉकवर एक मोठी गाडी मागे लागत होती. ते मुद्दाम होतं की योगायोग, मला माहीत नाही. चाचा दोन्ही गाड्यांच्या मध्ये मागे उभा होता आणि ओरडत होता, आने दे, आने दे. त्याचा आवाज टपरीपर्यंत येत होता.

ती थोडी मागे आली आणि थांबली. हँडब्रेक लागल्याचं मला टेम्पोच्या हिसक्यावरून कळलं. मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. ती उतरली. मला वाटलं, आता मागे जाऊन जागा बघेल. पण ती ओट्याकडे गेलीच नाही, सरळ चाचाकडे गेली आणि त्याच्याशी बोलायला लागली. हात करून तिने उजवीकडची एक जागा दाखवली. चाचाने मान हलवली, नाही म्हणून. तिने पुन्हा दाखवली. सुपरवायझर हाताची घडी घालून बघत होता. टपरीवाला म्हणाला, "झालं. भांडली." मीही मनात तेच म्हणत होते.

काय बोलणं झालं ते तिने मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "चाचा, आप इधर खडे रहो. आरसे में दिखना मंगता है. आवाज नको, हात दिखाओ."

चाचा म्हणाला, "बेटा, पूरी उमर आवाज़ दे के गाड़ी लगाई है. कंटेनर लगाया है. तेरा डिब्बा क्या चीज़ है."

"आवाज दोन गाडीको लगता है. हात एकच गाडीको दिखता है."

चाचा बडबडत तिने दाखवलेल्या जागी जाऊन उभा राहिला. ती टेम्पोत बसली. मोठी गाडी तोवर डॉकला लागली होती. ती हळूहळू मागे आली. चाचाने हात वर धरला होता, तळवा तिच्याकडे. तळव्याची मूठ झाली आणि टेम्पो थांबला. ओट्याच्या कडेला बसवलेल्या रबराला टेम्पोची पाठ टेकली की नाही हे बघायला सुपरवायझरला वाकावं लागलं.

मग तो तिच्या खिडकीशी गेला. तेही तिने मला शब्दाला शब्द सांगितलं.

"वेळ लागला."

"लागला."

"एवढ्या वेळात बाकीचे दोन गाड्या लावतात."

"दार बगा, सर."

सुपरवायझरने टेम्पो थोडा पुढे घ्यायला लावला, मागे जाऊन दार उघडून बघितलं, लावून बघितलं. गोदामातल्या बाकी टेम्पोंची दारं मी गेटमधून मोजली नाहीत, पण सरळ बसणारी फार नव्हती. परत येऊन तो म्हणाला, "उद्या सकाळच्या शिफ्टला ये. आठ दिवस आत यार्डातच चालवायची. मग बाहेर."

ती गेटबाहेर आली ती नेहमीच्या चालीने. बाकावर बसली आणि हे सगळं सांगितलं. मी विचारलं, "चाचाला हलवायचं कोणी सांगितलं होतं तुला?"

"कुनी न्हाय. उतरून बगितलं तर जागा मोप व्हती. आवाजच नडत व्हता. मंग आवाजच हलवला."

मी तिच्यासाठी चहा सांगितला. माझ्या शिकवण्यात हे नव्हतं. मी तिला आवाज न ऐकायला शिकवत होते. तिने त्याला कामाला लावलं. दुसऱ्या दिवशीपासून मी ते माझ्या शिकवण्यात घातलं, कोणाकडून घेतलं ते सांगून.

चहा येईपर्यंत चाचाही टपरीवर आला. टपरीवाल्याला ऐकवत राहिला, "अब लड़की बताएगी कहाँ खड़ा होना है. कल बोलेगी चाचा, नाच के दिखाओ." टपरीवाल्याने मान डोलावली. मुलगी खाली बघून चहा पीत होती. चाचाने अर्धा ग्लास संपवला, मग आवाज खाली आणून मला विचारलं, "मैडम, आप गाड़ी सिखाती हैं न? शीशे में आदमी सच में नहीं दिखता क्या?"

"चाचा, तुम्ही कधी ड्रायव्हरच्या सीटवर बसला नाहीत?"

"मैं क्यों बैठूँगा? मैं तो पीछे होता हूँ."

जारवाल्याचा टेम्पो समोरच उभा होता. मी किल्ली काढली, दार उघडलं आणि त्याला चढवलं. तो स्टिअरिंगवर हात न ठेवता, मांडीवर हात घेऊन बसला, जणू कोणी उठ म्हणेल. मुलीने त्याच्यासाठी दोन्ही आरसे लावून दिले. मी टेम्पोच्या मागे गेले, जिथे तो रोज उभा राहतो बरोबर तिथे, आणि पत्र्यावर थाप मारली.

"बोला चाचा, कुठे आहे मी?"

टेम्पो जरा हलला, तो आतून एका आरशाकडून दुसऱ्याकडे वळत असावा. मग त्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. "मैडम, आप तो हैं ही नहीं."

"आता सरकते," मी म्हटलं. "दिसले की सांगा."

मी एक एक पाऊल उजवीकडे सरकू लागले.